सिस्टर्शियन मठांची ग्रेंज-शेती: धान्य कुठून यायचे, पिकवायचे कोण आणि घडी का विस्कटली

प्रश्न असा आहे: मध्ययुगीन युरोपातल्या मोठ्या मठांत शे-दोनशे, काही ठिकाणी पाच-सहाशे माणसे राहत. प्रार्थनेत दिवस घालवणाऱ्या या लोकांचे पोट कोणत्या शेतीवर चालायचे? शेतात संन्यासी स्वतः राबत होते का? आणि इतकी भक्कम दिसणारी व्यवस्था पुढे का मोडली? उत्तरासाठी मी सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाचे मठ घेतले आहेत, तेही मुख्यतः इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचे. तिथल्या सनदा, हिशेब आणि इमारती तिन्ही बऱ्यापैकी शिल्लक आहेत, त्यामुळे अंदाजाने बोलावे लागत नाही.

आधी थोडक्यात सांगतो. मठांना जमिनीची चणचण कधीच नव्हती, जमीन दानात येत राहिली. चणचण होती ती हातांची. नांगराला, कापणीला आणि मेंढरांमागे माणसे कुठून आणायची, यावर मठाची शेती उभी राहिली आणि त्याच प्रश्नावर ती बसली.

सहाव्या शतकातली संत बेनेडिक्टची नियमावली हा सगळ्याचा पाया. दिवसाच्या सात आणि रात्रीची एक अशा आठ प्रार्थना, माणशी रोज एक पौंड पाव, दोन शिजवलेले पदार्थ, चौपायी जनावराचे मांस फक्त आजाऱ्यांना. शिवाय हाताने काम करणे बंधनकारक, आणि पाणी, गिरणी, भाजीचा मळा शक्यतो आवाराच्या आतच असावा अशी सूचना. पुढच्या चार-पाचशे वर्षांत बेनेडिक्टच्या मार्गाचे मठ श्रीमंत झाले आणि शरीरश्रम मागे पडले. गावे, कुळे, दशमांश (चर्चला द्यायचा पिकाचा दहावा हिस्सा), गिरण्यांची वसुली यांवर मठ चालू लागले. त्याला विटून १०९८ मध्ये काही संन्यासी फ्रान्समधल्या बर्गंडीतल्या सीतो इथे गेले आणि सिस्टर्शियन पंथ सुरू झाला. कुळे ठेवायची नाहीत, खंड घ्यायचा नाही, दुसऱ्याच्या घामाचा दशमांश घ्यायचा नाही, स्वतःच्या जमिनीवर स्वतः जगायचे, असा त्यांचा निर्धार होता. रीव्हो आणि फाउंटन्स हे यॉर्कशायरचे दोन्ही मोठे मठ ११३२ चे.

आता अडचण बघा. नांगरणीला निघालेला माणूस दिवसातून सात वेळा औत सोडून चर्चमध्ये येऊ शकत नाही. शेत चार मैलांवर असेल तर अजिबात नाही. यावर सिस्टर्शियनांनी काढलेला तोडगा म्हणजे कॉन्व्हर्सी. यांना मी श्रमबंधू म्हणतो. त्यांनीही व्रत घेतलेले असे, वस्त्र घातलेले असे, पण ते अक्षरशत्रू राहत, त्यांना वाचायला शिकण्याची मनाई होती. लॅटिन स्तोत्रांऐवजी पाठ केलेल्या मोजक्या प्रार्थना ते जिथे असतील तिथे उभ्या उभ्या म्हणत आणि कामाला लागत. रीव्होला मठाधिपती एल्रेडच्या काळात, म्हणजे बाराव्या शतकाच्या मध्यावर, १४० संन्यासी आणि ५०० श्रमबंधू होते असे त्याच्या समकालीन चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. स्तोत्रे गाणाऱ्या एका संन्याशामागे साडेतीन राबणारे, हे प्रमाण लक्षात ठेवा. कापणीच्या दिवसांत संन्यासीही विळा घेऊन शेतात उतरत, तिथेच प्रार्थना म्हणत. पण वर्षभराचे शेतकरी ते नव्हते.

हे श्रमबंधू जिथे राहून शेती करत ती वस्ती म्हणजे ग्रेंज. मठापासून एका दिवसाच्या चालीत ग्रेंज असावे असा नियम होता, कारण रविवारी आणि सणाला सर्वांनी मठात परतायचे. एकाच पंथाच्या दोन मठांच्या ग्रेंजमध्येही ठरावीक अंतर राखावे लागे. साधारण ग्रेंज तीनशे-चारशे एकरांचे, त्यात धान्याचे कोठार, गोठा, निजायची खोली, जेवणघर, छोटे प्रार्थनास्थान. वर एक जाणता श्रमबंधू प्रमुख आणि तो जबाबदार मठाच्या सेलररला, म्हणजे कोठाऱ्याला. गावच्या शेतीत एकाच्या जमिनीच्या अर्ध्या-अर्ध्या एकराच्या पट्ट्या तीन मोठ्या रानांत विखुरलेल्या असत आणि पेरा, कापणी, गुरे सोडणे सगळे गावाच्या संमतीने ठरे. ग्रेंजची जमीन मात्र एकसलग असे. कधी नांगरायचे, कुठे चर काढायचा, कुठल्या तुकड्यावर मेंढरे बसवायची, हे एका माणसाच्या शब्दावर ठरे. माझ्या मते सिस्टर्शियनांचे यश नव्या अवजारांत शोधणे चूक आहे. अवजारे शेजाऱ्यांसारखीच होती. फरक पडला तो एकसलग जमिनीने आणि एकाच्या हुकमाने.

सलग जमीन मिळवण्याची एक किंमत होती आणि ती इतरांनी मोजली. लिंकनशायरमधल्या रेव्हस्बी मठासाठी ११४२ च्या सुमारास वस्तीची जागा मोकळी करून घेतली गेली. तिथल्या कुटुंबांना दोन पर्याय दिले, दुसरीकडे जमीन घ्या किंवा मोकळे होऊन हवे तिकडे जा. बहुतेकांनी निघून जाणेच पसंत केले. ‘ओसाड रानात नंदनवन फुलवणारे संन्यासी’ हे चित्र ऐकायला छान वाटते, पण बऱ्याच ठिकाणी ते रान आधी ओसाड नव्हते.

एका माणसाला किती जमीन लागे, हे आकड्यांत बसवून बघू. आकडे त्या काळच्या सर्वसाधारण पेऱ्याचे आणि उताऱ्याचे आहेत, हिशेब मी मांडतो. गव्हाचे बी एकरी अडीच बुशेल. एक बुशेल गहू म्हणजे साधारण २७ किलो. उतारा चौपट धरला तर १० बुशेल निघतात. त्यातले अडीच पुढच्या बियाण्याला बाजूला काढले की हातात साडेसात. माणशी वर्षाला पावासाठी एक क्वार्टर, म्हणजे ८ बुशेल धान्य धरू. रोजचे सहाशे ग्रॅम झाले. यालाच एक एकराहून थोडी जास्त जमीन लागली. आता एल, म्हणजे जवाची बिअर. त्या काळी साधे पाणी पिण्यापेक्षा तीच प्याली जाई. रोज अर्धा गॅलन, म्हणजे दोन लिटरच्या थोडी वर, हलकी एल धरली आणि एका क्वार्टर माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या जवापासून) ८० गॅलन निघाली असे मानले, तर वर्षाला सव्वादोन क्वार्टर जव हवा. जवाचे बी एकरी ४ बुशेल, चौपटीने १६, बियाणे वजा जाता १२. म्हणजे दीड एकर. पावापेक्षा पेयाला जास्त जमीन लागते, ही गोष्ट मठाचे हिशेब वाचताना सतत समोर येते. दोन्ही मिळून अडीच एकरांच्या वर. तिसरा हिस्सा दरवर्षी पडीक ठेवायचा, म्हणून चार एकर. घोड्यांचे ओट, वाटाणा-पावट्याच्या आमटीचे कडधान्य, पाहुणे आणि दाराशी येणारे गरीब धरून माणशी पाच एकर म्हणा. रीव्होच्या ६४० माणसांना ३,२०० एकर कसलेली जमीन, म्हणजे आठ ते दहा ग्रेंज. एवढ्या जमिनीला नांगर किती? तेराव्या शतकात शेतीवर पुस्तक लिहिणाऱ्या वॉल्टर ऑफ हेन्लीने तीन रानांच्या पद्धतीत एका नांगराला वर्षाला १८० एकर धरले आहेत. म्हणजे १८ नांगर, आणि नांगराला आठ बैल धरले तर १४४ बैल.

त्याच वॉल्टरने बजावले आहे की बियाण्याच्या तिप्पटच उत्पन्न आले तर, धान्याला चढा भाव असल्याशिवाय, हाती काही उरत नाही. चौपट आणि तिप्पट यांतले अंतर वाचताना क्षुल्लक वाटते. वरच्याच हिशेबात तिपटीला गहू साडेसात बुशेल निघतो आणि बियाणे जाऊन पाचच उरतो. उतारा चतुर्थांशाने घटला की ताटातले तिसऱ्या हिश्श्याने घटते. दशमांशाच्या माफीसाठी हा पंथ इतका का झगडला, तेही इथेच कळते. दशमांश एकूण राशीवर घेतला जाई, बियाणे काढण्याआधी. १० बुशेलमधला एक गेला तर खाण्याच्या साडेसातातला गेला, म्हणजे तेरा टक्क्यांवर. ११३२ मध्ये पोपकडून ही माफी मिळाली. पुढे तिच्यावर भांडणे झाली आणि १२१५ च्या रोममधल्या लॅटरन धर्मपरिषदेने त्यानंतर नव्याने घेतलेल्या जमिनींवरची माफी काढून घेतली.

वर्षाचा क्रम असा. पहिल्या रानात शरद ऋतूत गहू किंवा राय, दुसऱ्यात वसंतात जव, ओट, वाटाणा, पावटा आणि तिसरे पडीक. पडीक म्हणजे सोडून दिलेले नव्हे. ते उन्हाळ्यात दोनदा-तीनदा नांगरायचे, काटेरी तण मुळासकट उलटवायचे आणि रात्री मेंढरे बसवून खत घालायचे. धनगर शेतात मेंढरे बसवतात तीच रीत, फक्त इथे लाकडी फाटकांचा हलता वाडा असे आणि तो काही रात्रींनी पुढे सरकवत. चुकते ते इथेच. पडीक रानाची एक पाळी चुकली तर पुढची दोन्ही पिके तण खाते. आणि ती चुकते कारण नेमकी त्याच दिवसांत गवतकापणी येते. गवत सोडता येत नाही, ते साठवले नाही तर फेब्रुवारी-मार्चमध्ये बैल उभे राहत नाहीत आणि वसंताचा पेरा लांबतो. माणसे कमी पडली की पहिला फटका बसतो तो असा, वर्षभर उशिराने दिसणारा.

कोठाराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ती इमारत वाचता आली की अर्धी शेती कळते. दक्षिण इंग्लंडमधल्या ब्यूली मठाला राजा जॉनने फॅरिंग्डनची जहागीर दिली होती. तिथले ग्रेट कॉक्सवेलचे कोठार आजही उभे आहे. लांबी १५२ फूट, रुंदी ४४, उंची ४८. लाकडाच्या वर्तुळांवरून ते १२९० च्या दशकाच्या सुरुवातीचे ठरते. आत ओकच्या खांबांच्या दोन रांगा आहेत आणि प्रत्येक खांब जमिनीवर नाही, पुरुषभर उंच दगडी चौथऱ्यावर उभा आहे. जमिनीची ओल लाकडात चढू नये आणि गाडीचा आस खांबाला घासू नये म्हणून.

एवढे मोठे कशाला, असे आपल्याला वाटते, कारण आपल्याकडे गहू फाल्गुन-चैत्रात निघतो, कडक उन्हात खळ्यावर मळणी होई आणि धान्य कणगीत किंवा पेवात जाई. इंग्लंडात कापणी ऑगस्ट-सप्टेंबरात येते, पाऊस डोक्यावर असतो, उघडे खळे भरवशाचे नाही. म्हणून पीक पेंढ्यांसकट छपराखाली जाई आणि मळणी हिवाळाभर, थोडी थोडी, जोडदांड्याने झोडपून होई. कोठारात साठलेला मोठा भाग पेंढाच असे. याचे फायदेही होते. पेंढीतल्या ओंबीत धान्य चांगले टिकते, मोकळ्या राशीला किडा लवकर लागतो. जनावरांना रोज ताजा पेंढा मिळे. शेतात काम कमी आणि दिवस लहान अशा काळात छपराखालचे काम असे. समोरासमोरच्या दोन दारांमधली पट्टी मळणीला मोकळी ठेवत. दोन्ही दारे उघडली की वारा आरपार जातो आणि उफणणी होते.

बिघडते ते घाईने. कापलेल्या पेंढ्या शेतातच उभ्या टेकवून काही दिवस वाळू द्याव्या लागतात. पाऊस दिसला म्हणून ओलसर पेंढ्या आत रचल्या तर ढीग आतून तापतो. हात खुपसला तर चटका जाणवतो, वास आधी गोडसर आणि मग कुबट येतो. खायला त्यातले काही धान्य वाचते, पण बियाणे मरते आणि नुकसान पुढच्या वर्षीच्या विरळ उगवणीत दिसते. म्हणून बियाण्याच्या पेंढ्या वेगळ्या, कोरड्या बाजूला रचणारा ग्रेंजप्रमुख हा मठाचा खरा आधार. रायमध्ये आणखी एक धोका, ओल्या वर्षी ओंबीत अर्गट या बुरशीची काळी शिंगे येतात आणि ती निवडली नाहीत तर पावातून विषबाधा होते.

पाण्याचे थोडक्यात. एकच ओढा वळवून आधी गिरणीला, मग स्वयंपाकाला, मग चामडे कमावायला आणि शेवटी शौचकूपाखालून नेत. क्रम उलटला तर रोगराई ठरलेली. फाउंटन्सची बाराव्या शतकातली पाणचक्की विसाव्या शतकापर्यंत धान्य दळत होती. मांस वर्ज्य असल्याने चीज, अंडी, कडधान्य आणि तळ्यातले मासे यांवर भर असे. तळी काही वर्षांनी पूर्ण उपसावी लागत, नाहीतर गाळ वाढतो आणि पाईकसारखे मोठे मासे बाकीचे खाऊन टाकतात.

आता लोकर. धान्याने पोट भरे, पण शिसे, मीठ, मेण, राजाचे कर, नव्या चर्चचे दगडकाम यांना रोकडा लागे आणि तो मेंढीच्या पाठीवरून येई. जूनमध्ये मेंढरे वाहत्या पाण्यात धुवायची, काही दिवस थांबायचे म्हणजे लोकरीत तेलकटपणा परततो, मग कातरायची. नंतर निवड: उत्तम, मध्यम आणि तुकडे. एका ‘सॅक’चे वजन ३६४ पौंड आणि एका मेंढीची लोकर दीड पौंडाच्या आसपास, म्हणजे एका सॅकला २४० मेंढ्या. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात पेगोलोत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने केलेल्या यादीत फाउंटन्स ७६ सॅक आणि रीव्हो ६० सॅक असे आकडे आहेत. फाउंटन्सच्या वाट्याला अठरा हजारांवर मेंढ्या येतात. ही सगळी त्यांचीच मेंढरे असतील असे मात्र धरू नये. मठ आसपासच्या शेतकऱ्यांची लोकर विकत घेऊन आपल्या मालासोबत विकत. पंथाची मनाई होती, तरी.

आगाऊ उचल हा सापळा होता. इटालियन व्यापारी पुढच्या काही वर्षांच्या लोकरीचे पैसे आजच मोजत. १२७६ मध्ये फाउंटन्सने फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्यांना चार वर्षांत ६२ सॅक द्यायचे कबूल केले होते. नेमक्या त्याच दशकात इंग्लंडभर मेंढ्यांची खरूज पसरली. सूक्ष्म किडीने होणारा हा रोग, मेंढी अंग घासते, लोकर पुंजक्यांनी गळते. उपाय म्हणजे लोकर ओळीओळीने बाजूला करून कातडीला डांबर आणि चरबीचे मलम चोळणे. शंभर मेंढ्यांना किती हात लागतील याचा विचार करा. पैसे खर्च झालेले, लोकर नाही, मग करार पुरा करायला बाजारभावाने लोकर विकत घ्या आणि त्यासाठी पुन्हा कर्ज.

लीड्सजवळच्या कर्कस्टॉल मठाचे दोन आकडे शेजारी ठेवले की हे उघडे पडते. १२८४ मध्ये ह्यू ग्रिमस्टन मठाधिपती झाला तेव्हा कर्ज ५,२४८ पौंड १५ शिलिंग ७ पेन्स, शिवाय ५९ सॅक लोकर देणे. मेंढी एकही नाही. ओढीचे बैल १६. वरच्या हिशेबाने सोळा बैल म्हणजे दोन नांगर, ३६० एकर, सत्तर माणसांचे धान्य. जमीन होती, पण ती नांगरायला जनावर उरले नव्हते. कर्जापेक्षा मला हा सोळाचा आकडा भयंकर वाटतो. बैल विकून देणी भागवणे म्हणजे पुढच्या वर्षीचे पीक विकणे. ग्रिमस्टनने दूरच्या जमिनी सोडून रोख वार्षिक उत्पन्न घेतले आणि गोठा पुन्हा उभा केला. १३०१ मध्ये बैल २१६, म्हणजे सत्तावीस नांगर, गायी १६०, मेंढरे चार हजार आणि कर्ज १६० पौंड. सतरा वर्षे लागली.

आणि श्रमबंधू? बाराव्या शतकात भूमिहीन माणसाला ग्रेंजमध्ये पोटभर अन्न, छप्पर आणि मोक्षाची आशा मिळे, म्हणून शेकड्यांनी लोक येत. पण त्यांना संन्यासी होण्याचा मार्ग बंद, मठाधिपती निवडण्यात मत नाही, आणि ग्रेंजवर बिअरलाही बंदी आली. वेल्समधल्या मार्गम मठात १२०६ मध्ये श्रमबंधूंनी शपथा घेऊन उठाव केला, कोठाऱ्याला घोड्यावरून खाली ओढले, मठाधिपतीचा पंधरा मैल पाठलाग केला आणि निजायच्या दालनात कोंडून घेऊन संन्याशांचे अन्न तोडले. तेराव्या शतकात शहरे वाढली, मजुरी मिळू लागली, नवे भिक्षुसंघ आले आणि श्रमबंधू होणारे घटले. १२०८ मध्येच पंथाच्या महासभेने कमी उपयोगाच्या जमिनी खंडाने द्यायची मुभा दिली होती. ज्या कुळांना नकार देऊन पंथ सुरू झाला, ती कुळे मागच्या दाराने आत आली.

१३१५-१७ चा अतिवृष्टीचा दुष्काळ, पाठोपाठ गुरांची साथ आणि १३४९ चा प्लेग यांनी उरलेले केले. यॉर्कशायरच्या मो मठात प्लेगाआधी ४२ संन्यासी आणि ७ श्रमबंधू होते. संन्याशांतले १० वाचले, श्रमबंधूंतला एकही नाही. प्लेगाआधीच ते सातवर आले होते, हे विसरू नये. त्यानंतर नांगरटीची ग्रेंज एकामागून एक खंडाने गेली. मठांनी स्वतःकडे सर्वांत जास्त काळ राखले ते डोंगरावरचे मेंढरांचे कुरण, कारण तिथे एका मेंढपाळावर तीनशे मेंढरे निभावतात आणि नांगराला माणूस लागत नाही.